न बोलावलेला गडी : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील ‘वॉक-ऑन’ आणि त्याचे चाहते

इंग्रजी रंगभूमीच्या व्यवहारात ‘वॉक-ऑन’ नावाचा भूमिकेचा एक प्रकार आहे. या नटाला संवाद नसतात. तो रंगमंचावर येतो, उभा राहतो आणि निघून जातो. आपल्याकडच्या ऐतिहासिक नाटकांतील दरबारात भाला धरून उभा राहणारा शिपाई हा त्याचाच जातभाई. नाटक त्याच्यावाचून अडत नाही, पण तो नसला तर दरबार दरबारासारखा दिसत नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हाच शब्द एका विशिष्ट खेळाडूसाठी रूढ आहे. विद्यापीठाने ज्याला क्रीडाशिष्यवृत्ती देऊन आणलेले नाही, जो स्वतःच्या खर्चाने शिकतो, स्वतःहून सरावाला येतो आणि संघात जागा मिळते का ते पाहतो, तो ‘वॉक-ऑन’. मराठीत त्याला ‘आगंतुक’ म्हणता येईल. न बोलावता आलेला, पण आल्यावर हाकलूनही न दिलेला.

या आगंतुकाविषयी अमेरिकन चाहत्यांच्या मनात जो जिव्हाळा आहे, तो अभ्यासण्याजोगा आहे. वर्षानुवर्षे ज्याला मैदानात क्वचितच पाऊल टाकायला मिळते, अशा मुलाचे नाव हजारो लोकांना ठाऊक असते. सामना हातात आल्यावर शेवटच्या मिनिटांत त्याला उतरवावे म्हणून आरोळ्या उठतात. तो उतरला की यशस्वी टचडाउनला होतो त्याहून मोठा गजर होतो. खेळाच्या दृष्टीने ज्याचे मोल नगण्य, त्याच्याकडून या लोकांना नेमके काय हवे असते? प्रस्तुत लेखात आम्ही या अपेक्षेचा इतिहास मांडू पाहत आहोत. आमच्या मते ही अपेक्षा खेळाची नाही, साक्षीची आहे. आणि त्या साक्षीची किंमत साक्षीदारालाच मोजावी लागत आलेली आहे.

या खेळाशी अपरिचित असणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देणे अवश्य आहे. हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून सर्वस्वी वेगळा. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे, आणि चेंडू असलेल्याला अंगावर जाऊन पाडायचे, असे त्याचे ढोबळ स्वरूप. एका वेळी मैदानात प्रत्येक बाजूचे ११ गडी असतात. परंतु चढाईचे ११ वेगळे, बचावाचे ११ वेगळे, चेंडू लाथाडण्याच्या प्रसंगीचे आणखी वेगळे, आणि प्रत्येकाला बदली गडी हवा. अशा रीतीने संघ शंभराच्या घरात जातो. हा खेळ तेथे विद्यापीठांच्या नावाने खेळला जातो आणि त्याचा पसारा थक्क करणारा आहे. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची आसनक्षमता १,०७,६०१ आहे. या पसाऱ्यातील उत्पन्नाचा वाटा खेळाडूंना मात्र पिढ्यान्‌पिढ्या नव्हता. त्यांच्या श्रमाचा उघड मोबदला एकच, शिष्यवृत्ती. वॉक-ऑनला तोही नाही.

‘वॉक-ऑन’ ही कोटी मूळची मैदानातली नाही, कागदावरची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाविद्यालयीन क्रीडा ही हौशी मानली जात होती, आणि खेळासाठी विद्यार्थ्याला पैसा देणे हे तत्त्वतः गैर होते. प्रत्यक्षात तो दिला जात होता. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या अहवालाने ही गुप्त मदत उघड्यावर आणली. १९४८ मध्ये एनसीएए या नियामक संघटनेने ‘सॅनिटी कोड’ नावाची आचारसंहिता करून ही मदत गरजेपुरती मर्यादित करण्याचा प्रयत्न केला. तो तीन वर्षांतच फसला. अखेर १९५६ मध्ये केवळ खेळाच्या गुणवत्तेवर पूर्ण शिष्यवृत्ती देण्यास संघटनेने मान्यता दिली. म्हणजे त्यापूर्वी, निदान घोषित तत्त्वानुसार, सगळेच आपापल्या पायांनी आलेले होते. शिष्यवृत्तीचा खेळाडू अधिकृतपणे जन्माला आला तेव्हा शिष्यवृत्ती नसलेला खेळाडूही आपोआप जन्माला आला.

पुढे शिष्यवृत्त्यांच्या संख्येवर मर्यादा आल्या. १९७३ मध्ये प्रत्येक संघास १०५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा घालण्यात आली. १९७८ मध्ये ती ९५ झाली आणि पुढे १९९२ पासून टप्प्याटप्प्याने ८५ वर आली. प्रत्येक कपातीबरोबर वॉक-ऑनची गरज वाढत गेली. पुढच्या आठवड्यातील प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून मुख्य संघाला सराव देणारे गडी कोणीतरी हवेच होते. तेव्हा चाहत्यांना जो भावनेचा विषय वाटतो, तो व्यवस्थेच्या दृष्टीने एका तुटवड्यावरचा स्वस्त उपाय होता. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

चाहत्यांच्या अपेक्षेची मुळे मात्र या नियमांहून जुनी आहेत. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलस येथे टेक्सस ए अँड एम आणि सेंटर कॉलेज यांच्यात सामना झाला. सेंटरचा संघ बलाढ्य होता. त्याच हंगामात त्याने हार्वर्डला हरवले होते. ए अँड एमचे गडी एकामागून एक जायबंदी होऊ लागले, तेव्हा प्रशिक्षक डॅना बायबल यांना ई. किंग गिल या विद्यार्थ्याची आठवण झाली. गिल पूर्वी फुटबॉल संघात होता, पण बास्केटबॉलसाठी त्याने तो सोडला होता. त्या दिवशी तो पत्रकारांना खेळाडू ओळखून सांगण्याचे काम करीत होता. त्याला खाली बोलावण्यात आले. त्याने जखमी खेळाडूचा पोशाख चढवला आणि सामना संपेपर्यंत मैदानाच्या कडेला तो सज्ज उभा राहिला. त्याला उतरवण्याची वेळ आली नाही. ए अँड एमने सामना २२-१४ असा जिंकला.

ही कथा चमत्कारिक आहे, कारण तिच्यात नायकाच्या हातून काहीच घडत नाही. तरीही याच कथेतून त्या विद्यापीठाची ‘बारावा गडी’ ही परंपरा उभी राहिली. आपल्याकडे क्रिकेटमुळे बारावा गडी म्हटले की पाणी घेऊन येणारा बदली खेळाडू डोळ्यांसमोर येतो. तेथे बारावा गडी म्हणजे संपूर्ण प्रेक्षकवर्ग. ए अँड एमचे विद्यार्थी सामना संपेपर्यंत बसत नाहीत. गिल उभा राहिला म्हणून तेही उभे राहतात. आपणही, हाक आली तर, उतरू, असा त्याचा अर्थ. १९८३ मध्ये प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी हा अर्थ शब्दशः घेतला. सामन्याच्या आरंभी चेंडू लाथाडल्यावर धावत जाऊन समोरच्याला पाडणारी जी तुकडी असते, तीत त्यांनी सर्वसाधारण विद्यार्थ्यांमधून निवडलेले वॉक-ऑन घेतले. प्रेक्षकांतून थेट मैदानात अशी वाटच त्यांनी उघडली. पुढे आर. सी. स्लोकम यांच्या कारकिर्दीत ही तुकडी आटली आणि १२ क्रमांकाची जर्सी घालणारा एकच वॉक-ऑन प्रतिनिधी म्हणून उरला. १९९० मध्ये विद्यापीठाने ‘बारावा गडी’ या इंग्रजी शब्दप्रयोगाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली, आणि तो वापरल्याबद्दल २००६ मध्ये सिअ‍ॅटलच्या व्यावसायिक संघाला न्यायालयात खेचले. प्रकरण परवाना देण्याच्या बोलीवर मिटले. ज्या कल्पनेचे सारे बळ तिच्या फुकटपणात होते, तिला अशा रीतीने बाजारभाव आला.

गिलच्या कथेत चाहत्यांची पहिली अपेक्षा शुद्ध रूपात दिसते. वॉक-ऑनने उभे राहावे, तयार असावे. तो जिंकून देईल असे कोणालाच वाटत नाही. आपण आणि संघ यांच्यामधले अंतर ओलांडता येण्याजोगे आहे, एवढेच त्याने आपल्या देहाने सिद्ध करावे.

दुसरी अपेक्षा नेब्रास्का राज्यात घडली. ती भूमीची आहे. नेब्रास्काची लोकसंख्या २० लाखांच्या आसपास. राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ नाही आणि महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च स्तरावर एकच विद्यापीठ. लिंकन शहरातील मेमोरियल स्टेडियमची सर्व तिकिटे नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक घरच्या सामन्याला विकली गेलेली आहेत. त्याच वर्षी बॉब डेव्हनी तेथे प्रशिक्षक म्हणून आले आणि वॉक-ऑनना जाणीवपूर्वक संघात सामावून घेण्याची रीत सुरू झाली. १९७३ ते १९९७ या काळात टॉम ऑस्बर्न यांनी तिचे एका संस्थेत रूपांतर केले. शिष्यवृत्त्या कमी होत गेल्या तसतसे ते गावोगावची मुले अधिक संख्येने घेत गेले. गडी मुबलक असल्याने एकाच वेळी अनेक ठिकाणी सराव चाले. १९९४, १९९५ आणि १९९७ या हंगामांत नेब्रास्काने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

येथे चाहत्याची अपेक्षा निराळी आहे. मक्याच्या शेतांमधल्या लहानशा गावातला मुलगा दुसऱ्या लहान महाविद्यालयाची शिष्यवृत्ती नाकारून, घरचे पैसे खर्चून लिंकनला जातो, चार-पाच वर्षे सराव करतो आणि शेवटच्या वर्षी कदाचित खेळतो. त्याच्या गावाला संघात आपले माणूस असते. शिष्यवृत्तीचे तारे टेक्सस, कॅलिफोर्निया, फ्लोरिडाकडून आणलेले असू शकतात. संघ ‘आमचा’ आहे याची खूण हा मुलगा असतो. गंमत अशी की नेब्रास्काच्या वॉक-ऑनमधले एक अत्यंत गाजलेले नाव, आय. एम. हिप, हे दक्षिण कॅरोलायनातून न बोलावता आलेल्या धावपटूचे आहे; १९७७च्या हंगामात त्याने हजाराहून अधिक यार्ड मजल मारली. चाहत्यांनी त्यालाही आपला मानले. म्हणजे भूमीचा पुत्र असणे पुरेसे होते, पण अनिवार्य नव्हते. मोबदला ठरवून न घेता येणे हीच खरी अट होती.

या परंपरेला धक्का लागला तेव्हा तिचे चाहत्यांच्या मनातील स्थान कळून आले. २००४ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधून आलेले बिल कॅलाहन यांनी सूत्रे घेतली आणि वॉक-ऑनची संख्या घटवली. त्या हंगामात नेब्रास्का ५-६ असा उणा राहिला. १९६२ पासून असे घडले नव्हते. २००७ मध्ये कॅलाहन गेले आणि क्रीडासंचालक म्हणून ऑस्बर्नच परतले. पराभवाची कारणे तांत्रिक होती यात शंका नाही. पण चाहत्यांनी जी कारणपरंपरा रचली, तिच्यात वॉक-ऑनची कपात हे पातक होते आणि पराभव ही त्याची शिक्षा. पीक बुडाले की ग्रामदेवतेचे काय राहून गेले ते शोधणाऱ्या गावाची ही मनोरचना आहे. दरम्यान ही पद्धत राज्याबाहेरही रुजली होती. डेव्हनींच्या हाताखाली खेळलेले बॅरी अल्वारेझ यांनी १९९० नंतर विस्कॉन्सिनला ती नेली, आणि पुढे जे. जे. वॉटसारखा खेळाडू दुसऱ्या विद्यापीठातील शिष्यवृत्ती सोडून तेथे वॉक-ऑन म्हणून आला.

तिसरी अपेक्षा चित्रपटाने घडवली, किंवा असलेली अपेक्षा चित्रपटाने कायम केली. डॅनिअल ‘रूडी’ रुटिगर हा इलिनॉयमधील जोलिएट गावचा, १४ भावंडांतला तिसरा. शाळेत अभ्यासात मागे. डिस्लेक्सियाचे निदान उशिरा झाले. नौदलातील नोकरीनंतर तो नोत्र दाम विद्यापीठाशेजारच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयात शिकला आणि १९७४ मध्ये नोत्र दाममध्ये दाखल झाला. उंची ५ फूट ६ इंच. सरावात त्याने अंगावर मार घेतला. ८ नोव्हेंबर १९७५ रोजी, हंगामातील घरच्या अखेरच्या सामन्यात, जॉर्जिया टेकविरुद्ध त्याला शेवटी मैदानात उतरवण्यात आले. त्याने प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकला पाडले. नोत्र दामने सामना २४-३ असा जिंकला आणि सहकाऱ्यांनी रूडीला खांद्यावरून बाहेर नेले. १९९३ मध्ये डेव्हिड अ‍ॅन्स्पॉ यांनी यावर ‘रूडी’ हा चित्रपट केला.

चित्रपटातील एक प्रसंग सर्वतोमुखी झाला. प्रशिक्षक डॅन डिव्हाइन रूडीला पोशाख देण्यास तयार नाहीत. तेव्हा एकेक खेळाडू त्यांच्या मेजावर आपली जर्सी ठेवतो आणि माझ्या जागी त्याला घ्या असे सांगतो. हा प्रसंग घडलेला नाही. रूडीला खेळवण्यास डिव्हाइन स्वतःच अनुकूल होते. कथेला अडथळा हवा म्हणून ती भूमिका आपल्याला देण्यास त्यांनी संमती दिली होती. त्या संघात असलेले जो मोंटाना यांनीही नंतर जाहीरपणे सांगितले की जर्सी ठेवण्याचा प्रकार झाला नव्हता आणि चित्रपटात दाखवल्याप्रमाणे प्रेक्षकांचा घोषही नव्हता.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थांबून पाहावे असे काही आहे. पटकथेने जे दोन तपशील घातले ते यादृच्छिक नाहीत. जर्सीचा प्रसंग सांगतो की ज्यांना मोबदला मिळतो ते आपली जागा न मिळणाऱ्यासाठी सोडायला तयार आहेत. म्हणजे व्यवस्थेतील विषमता माणसांच्या औदार्याने भरून निघते. प्रेक्षकांचा घोष सांगतो की त्याला मैदानात आणणारे आम्हीच. दोन्ही तपशील नायकाविषयी नाहीत, पाहणाऱ्याविषयी आहेत. वास्तवातील रूडी आपल्या हट्टाने आणि प्रशिक्षकाच्या मर्जीने खेळला. पडद्यावरील रूडीला आपण खेळवले. म्हणून तो आपला झाला.

पाहणाऱ्याची ही मैदानात उतरण्याची ओढ अमेरिकन गद्याने आधीच टिपली होती. जॉर्ज प्लिम्प्टन हा लेखक १९६३ मध्ये डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक संघाच्या सराव शिबिरात क्वार्टरबॅक म्हणून राहिला आणि १९६६ च्या ‘पेपर लायन’मध्ये त्याने आपल्या फजितीचा वृत्तांत दिला. दोन वर्षांनी आलेल्या फ्रेडरिक एक्सलीच्या ‘अ फॅन्स नोट्स’मध्ये उलटी दिशा आहे. विद्यापीठातील आपल्या समकालीन खेळाडूच्या कीर्तीकडे आयुष्यभर कठड्याबाहेरून पाहणाऱ्या माणसाची ती कैफियत. प्लिम्प्टन मैदानात गेला तो लेखणी घेऊन, परत येण्यासाठी. एक्सलीचा निवेदक कधी गेलाच नाही. वॉक-ऑन या दोघांच्या मधला आहे. तो आत जातो आणि तेथेच राहतो. मात्र त्याच्या हाती लेखणी नाही, आणि त्याच्या वतीने बोलण्याचे काम बाहेरचे लोक करतात.

बाहेरचे लोक जे सहसा बोलत नाहीत, ते आता पाहू. वॉक-ऑन तोच सराव करतो, तीच दुखापत सोसतो, तितकेच तास देतो. त्याचे शिक्षणशुल्क त्याचे कुटुंब भरते, किंवा तो कर्ज काढतो. आपल्याकडे एकाच पंगतीत कोणाला तूप वाढायचे आणि कोणाला वगळायचे या भेदाला पंक्तिप्रपंच असा नेमका शब्द आहे. एनसीएएच्या नियमांत हा पंक्तिप्रपंच अक्षरशः होता. शिष्यवृत्तीत जेवण धरलेले असे. वॉक-ऑनला त्याच मेजावरच्या जेवणाचा तसा हक्क नव्हता. एप्रिल २०१४ मध्ये नियम बदलला तेव्हा कोठे वॉक-ऑनसह सर्वांना संघाकडून अमर्याद जेवण देण्याची मुभा मिळाली. मैदानावर त्याच्या नावाचा गजर करणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होते?

चाहत्यांनी या भेदाकडे पाहिले ते एका वेगळ्या वाटेने. गेल्या दीड दशकात एक नवा दृश्यप्रकार लोकप्रिय झाला. संघाची बैठक भरलेली असते. प्रशिक्षक काही निमित्ताने एका वॉक-ऑनला पुढे बोलावतात आणि त्याला शिष्यवृत्ती मिळाल्याचे जाहीर करतात. सारा संघ त्याच्यावर झेपावतो. मुलगा घरी फोन करतो. अशा चित्रफिती लाखो लोक डोळे पुसत पाहतात. आम्हीही त्या अविचल मनाने पाहू शकत नाही. परंतु त्यांचा रस कशात आहे हे तपासले पाहिजे. ज्या श्रमाचे मूल्य आधीच चुकते व्हायला हवे होते, ते उशिरा, कृपेच्या रूपाने, एकाला दिले जाते, आणि न मिळालेले बाकीचे वॉक-ऑन त्याच खोलीत टाळ्या वाजवत असतात. आपल्या भक्तिकथांमध्ये देव अखेरीस धावून येतो. पण तेथे निदान भक्ताच्या छळाला छळ म्हटलेले असते.

वॉक-ऑनने नम्र असावे, कृतज्ञ असावे, ही अपेक्षा या सर्वांतून पक्की झाली. ती किती पक्की होती हे तो यशस्वी झाल्यावर कळते. जॉर्जिया विद्यापीठाचा स्टेट्सन बेनेट २०१७ मध्ये वॉक-ऑन म्हणून आला. पुढच्या वर्षी तो मिसिसिपीतील एका दोन वर्षांच्या महाविद्यालयात गेला आणि २०१९ मध्ये शिष्यवृत्तीवर परतला. जॉर्जियाचा लहानपणापासूनचा चाहता, त्याच राज्यातल्या लहान गावचा. लोकांना आवडावी अशी कथा. २०२१च्या हंगामात नामांकित क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून त्याला खेळवण्यात आले, संघ जिंकत राहिला; आणि तरीही नामांकित गडी बरा होताच बेनेटला बसवा, ही मागणी हंगामभर चालू राहिली. डिसेंबरमध्ये अलाबामाकडून ४१-२४ असा पराभव झाल्यावर तिला जोर चढला. १० जानेवारी २०२२ रोजी त्याच अलाबामाला ३३-१८ असे हरवून जॉर्जियाने १९८० नंतरचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा बाकावर बसून रडणारा बेनेट सर्वांनी पाहिला. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा विजेतेपद मिळवून दिले. शिष्यवृत्ती मिळून तीन वर्षे उलटली तरी समालोचकांच्या तोंडी त्याची ओळख ‘माजी वॉक-ऑन’ अशीच होती.

हेच ते मर्म. शेवटच्या मिनिटात उतरणारा वॉक-ऑन सर्वांना हवा असतो. पहिल्या मिनिटापासून उतरणारा नको असतो. पहिला आपला प्रतिनिधी असतो. दुसऱ्यावर संघाचे भवितव्य असते, आणि भवितव्य आपल्यासारख्या माणसाच्या हाती सोपवायला चाहता तयार नसतो. स्वतःविषयीचा हा अविश्वास तो त्या मुलावर काढतो.

बेकर मेफील्ड याने तर नम्रतेची अटच मोडली. २०१३ मध्ये टेक्सस टेक येथे वॉक-ऑन असूनही तो पहिल्या सामन्यापासून खेळला. शिष्यवृत्तीचा प्रश्न न सुटल्याने तो ओक्लाहोमाला गेला, तेथेही वॉक-ऑन म्हणूनच. दोन्ही विद्यापीठे एकाच परिषदेत असल्याने नियमानुसार त्याचे एक वर्षाचे खेळण्याचे हक्क बुडाले. ज्याला संघटनेने काही दिले नव्हते, त्याला बांधून ठेवण्याचा अधिकार मात्र तिने राखला होता. हा नियम वॉक-ऑनपुरता २०१६ मध्ये बदलला आणि त्याला ते वर्ष परत मिळाले. २०१७ मध्ये त्याने सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठीची हाइझमन ट्रॉफी जिंकली. त्याच हंगामात ओहायो स्टेटला हरवल्यावर त्याने त्यांच्या मैदानाच्या मध्यभागी आपल्या संघाचा झेंडा रोवण्याचा आविर्भाव केला आणि टीका ओढवून घेतली. त्याच्या उद्धटपणाची तरफदारी करण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच लक्षात यावे की आपली नाकारणी विसरायला नकार देणारा वॉक-ऑन हा दुर्मीळ प्राणी आहे. रूढ कथेत त्याला जागा नाही.

आता या इतिहासाच्या शेवटच्या प्रकरणाकडे येऊ. १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि प्रतिमेच्या वापरातून कमाई करण्याची मुभा मिळाली. पुढच्याच महिन्यात युटा राज्यातील एका खाद्यपदार्थ कंपनीने ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या ३६ वॉक-ऑनच्या शिक्षणशुल्काइतके मानधन देण्याचे जाहीर केले. चाहत्यांचा जिव्हाळा जाहिरातीत वापरता येतो हे कंपनीने अचूक ओळखले होते; मुलांचे शुल्क भरले गेले हेही खरे. त्यानंतर ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या दाव्यातील तडजोडीला अंतिम मंजुरी दिली. तिच्यानुसार विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. खेळाडूंच्या शंभर वर्षांच्या गाऱ्हाण्याला हे उत्तर होते. पण त्याच तडजोडीने शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरील मर्यादा काढून तिच्या जागी संघाच्या आकारमानावर मर्यादा घातली. फुटबॉलसाठी १०५. याहून मोठे संघ बाळगणाऱ्या विद्यापीठांना गडी कमी करणे भाग होते, आणि कमी होणार होते ते अर्थातच वॉक-ऑन. मंजुरीपूर्वीच अनेकांना काढून टाकल्याचे कळवण्यात आले. त्यांच्यापैकी काहींनी आणि त्यांच्या पालकांनी न्यायालयाकडे हरकती नोंदवल्या. न्यायाधीशांनी त्या मुद्द्यावर मंजुरी अडवून धरली, तेव्हा अशा खेळाडूंना मर्यादेबाहेर ठेवून परत घेण्याची सवलत जोडण्यात आली. परत घ्यायचेच, असे बंधन मात्र विद्यापीठांवर नाही.

चाहत्यांनी या प्रसंगी केलेला विलाप प्रामाणिक होता. आपल्या गावचा मुलगा आता संघात दिसणार नाही, ही खंत खरी आहे. नेब्रास्कातील गावांच्या दृष्टीने हे एका नात्याचे तुटणे आहे. परंतु या विलापातील एक विसंगती नजरेआड करता येत नाही. परंपरा संपत आहे म्हणून हळहळणाऱ्यांनी, ती परंपरा इतकी वर्षे कोणाच्या खर्चाने चालली, हे क्वचितच विचारले होते. १०५ जणांच्या संघात सर्वांनाच शिष्यवृत्ती देण्याची मुभा आता आहे. एखाद्या विद्यापीठाने ती दिली तर तेथे वॉक-ऑन उरणार नाही. आणि तसे झाले तर ते अन्यायाने नव्हे, न्यायाने झालेले असेल. बाहेर काढलेला मुलगा आणि मोबदला मिळालेला मुलगा, दोघेही एकाच निर्णयाची अपत्ये आहेत. चाहत्यांच्या शोकात हे दोन वियोग एकमेकांत मिसळून गेले आहेत. ते वेगळे करणे आम्हांस आवश्यक वाटते. पहिल्याविषयी दुःख व्हावे. दुसऱ्याविषयी होत असेल, तर आपण नेमके कशावर प्रेम करीत होतो, हा प्रश्न स्वतःला विचारावा लागेल.

भालदाराच्या भूमिकेतील नटाला नाटक मंडळी निदान राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण देत असत, आणि प्रेक्षक त्याच्यावर प्रेम करीत नसत. महाविद्यालयीन फुटबॉलने याच्या उलट व्यवहार केला. प्रेम भरपूर दिले, आणि त्यातच हिशेब मिटला असे मानले. त्या प्रेमाला आम्ही खोटे म्हणणार नाही. सैन्यातून परतून, कर्ज काढून, उंचीने कमी पडत असूनही जी मुले रोज सरावाला गेली, त्यांना त्या गजराने बळ दिले असेल. तरी त्या मुलांची हकिकत त्यांच्याच शब्दांत, खांद्यावरून मिरवले जाण्याचा क्षण वगळून, कशी वाचली जाईल याचे आम्हांस कुतूहल आहे. तिच्यात मैदानातील तीन चाली थोड्या असतील. सकाळचे सराव, घरून येणारे पैसे, दुसऱ्या कोणाची नक्कल करीत घालवलेले हंगाम आणि ज्या मेजावर आपल्याला हक्क नव्हता ते मेज, हे अधिक असेल.